खरी वाटणारी गिटार

२२ एप्रिल, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. या वेळी आमच्या एका निवृत्त सहकाऱ्याने आपल्या नातीच्या हळदीत, भर मांडवात, मोबाइलवर गिटार वाजवण्यास आरंभ केला. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण त्याच क्षणी डीजेवाल्याने घड्याळ पाहिले आणि मीही पाहिले. त्याला सुरुवात करण्याची घाई होती, मला घरी जाण्याची.

या गृहस्थांनी आणि मी मोहोपाड्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात उभा जन्म काढला. मी कचेरीत हेडक्लार्क होतो; ते प्रयोगशाळेत. बाहेरून आलेल्या प्रत्येक पिंपातला नमुना काढायचा, तपासायचा आणि पिंपावर ‘पास’ किंवा ‘नापास’ असा शिक्का मारायचा, हे त्यांचे काम. यांपैकी दुसऱ्या शिक्क्यावर त्यांचा विशेष जीव होता. त्याची शाई दर महिन्याला संपे. पहिल्या शिक्क्याची बाटली त्यांना नोकरीला लागताना मिळाली होती, ती निवृत्त होताना त्यांनी जवळजवळ भरलेली परत केली.

शिक्का कारखान्यात राहिला. सवय घरी आली. कँटीनचा चहा नापास, नवीन जनरल मॅनेजर नापास, कर्जत स्थानकावरचा वडा एकदाच पास झाला होता, पण पुढच्या आठवड्यात त्याचाही निकाल बदलला. माझ्या निरोपसमारंभात मी पाच मिनिटे बोललो. मी खाली बसताच यांनी माइक हातात घेऊन ‘नापास’ एवढेच सांगितले आणि माइक परत ठेवला. टाळ्या त्यांना जास्त पडल्या.

त्यांच्या खिशात कायम एक भिंग असे. त्यातून ते तिकिटावरची तारीख, औषधाच्या गोळ्या आणि माशांचे कल्ले तपासत. कर्जतच्या बाजारात ते शिरले की कोळणींमध्ये हाकाटी होई, ‘आला गं आला तपासनीस! झाक ती टोपली!’ त्यावर हे एकीपाशी थांबून विचारीत, ‘झाकलीस का? म्हणजे नापासच हाय.’ मासळी मात्र रोज तिच्याकडूनच घेत. कारण विचारले तर म्हणत, ‘ती निदान लाजते तरी.’

कर्जतजवळ कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवरच्या एका गावात त्यांचे घर आहे. मुलगा, सून, नात आणि थोरली विधवा बहीण. ही बहीण म्हणजे त्या घरातला एकमेव माणूस, ज्याला त्यांनी कधी नापास केले नाही. धाडस झाले नसावे. सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थांना ती ‘बारक्या’ म्हणे आणि ते तिला ‘बाय’ म्हणत.

बाय धवलारीण होती. आमच्या भागात लग्नाच्या प्रत्येक विधीला बायकांनी म्हणायची गाणी असतात. त्यांना धवले म्हणतात आणि ती म्हणणारीला धवलारीण. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत तिच्या गाण्याशिवाय पान हलत नसे. तिने एक ओळ म्हणायची, मागे बसलेल्या बायकांनी ती उचलून पुन्हा म्हणायची, तेवढ्यात तिने श्वास घ्यायचा आणि पुढची ओळ काढायची, अशी ती रीत. वाद्य नाही, ताल नाही. पुस्तकही नाही. सगळे बायच्या डोक्यात.

आता ओळ उचलणाऱ्या बायका उरल्या नव्हत्या. एक वारली. दुसरी मुलाबरोबर शेलूला नव्या इमारतीत राहायला गेली; तिथे चौथ्या मजल्यावर धवले म्हणण्याचा प्रसंग येत नाही. गावातल्या बाकीच्या बायकांना ओळी येत होत्या, पण डीजे आल्यापासून त्या म्हणणे त्यांना कमीपणाचे वाटू लागले होते. बाय एकटीच राहिली. मागच्या वर्षी खालापूरकडच्या एका लग्नात ती ओळीच्या अखेरीस दम घ्यायला थांबली. डीजेवाल्याला वाटले, संपले. त्याने लावले, मंडळी नाचू लागली. बाय आपला खण-नारळ घेऊन घरी आली. त्यानंतर तिला कोणी बोलावले नाही.

अशात घरातल्याच नातीचे लग्न ठरले. नात पुण्यात संगणकाच्या कंपनीत. हळद सकाळची ठेवली, कारण तिच्या कचेरीतल्या मंडळींना संध्याकाळपर्यंत परतायचे होते. विधीपेक्षा पाहुण्यांची सोय पाहण्याचा हा काळ आहे. तक्रार करण्यात अर्थ नाही. सूनबाईंनी डीजे आधीच ठरवला होता. धवल्यांचा विषय निघाला तेव्हा मी तिथे चहा पीत बसलो होतो.

सूनबाई म्हणाल्या, ‘आत्याबाईंचा मान आहेच. दोन ओळी म्हणतील, मग डीजे.’

‘दोन वळीत हळद नवरीच्या नाकापातूर बी पोचायची नाय,’ बाय आतून म्हणाली.

नात मनाने चांगली. ती म्हणाली, ‘आई, गाऊ दे की आत्याआजीला. फक्त नुसतं नको. मागे गिटार असू दे. हल्ली सगळे तसंच करतात, व्हिडिओतपण छान वाटतं.’

‘आणि पाहुणे कंटाळले तर?’ सूनबाई व्यवहारी. ‘कंटाळले तर मी डीजेला खूण करीन. मग कुणी रुसायचं नाही.’

‘मंजूर,’ आमचे गृहस्थ म्हणाले. ‘गिटार येल.’

बाय दारात येऊन उभी राहिली. ‘बारक्या, घरातल्याच मांडवात माझं त्वांड बंद झालं, तर मंग मी कुटं बी गायची नाय. आयकून ठेव.’

असा तो करार झाला. सर्व अटी एका पक्षाच्या आणि सही दुसऱ्याची.

प्रथम रीतसर गिटारवादक बोलावला. शेलूहून एक शिक्षक आले; केसांची शेंडी मागे रबराने बांधलेली. बायने ओळ काढली. शिक्षकांनी पाय आपटत ताल धरला. बाय मध्येच थांबली, एक शब्द लांबवला, दुसरा गिळला, मनास आले तिथे श्वास घेतला. शिक्षकांचा पाय हवेत राहिला.

‘आजी, चारात गा ना.’

‘चारात? मी तर एकलीच गाते रं. बाकीच्या तिघी कुटं हायत?’

‘तसं नाही हो. एक, दोन, तीन, चार…’

‘मोजायला लागले तं गाणं कोन म्हनल? तूच मोज. मी गाते.’

शिक्षकांनी गिटार पिशवीत घातली. जाताना ते म्हणाले, ‘काका, यांना ताल नाही.’ काका म्हणाले, ‘ताल तुमच्याकडं हाय, तरी तुमीच निघालात.’

दुसऱ्या दिवशी सकाळी हे माझ्या ओटीवर हजर झाले. हातात मोबाइल. घरी सूनबाईंनी सरावाला बंदी केली होती. माझ्या घरी बंदी करण्याची पद्धत नाही, ही आमची चूक. मोबाइलच्या पडद्यावर सहा तारांचे चित्र होते. बाजूला सुरांची बटणे. डाव्या अंगठ्याने बटण दाबायचे आणि उजव्या हाताचे बोट तारांवरून फिरवायचे, की गिटार वाजल्याचा आवाज येई. अशी ॲप्स असतात हे मला तेव्हा कळले. न कळता मी सुखात होतो.

‘हेडक्लार्क, आयका.’ त्यांनी बोट फिरवले.

‘पत्र्याचा डबा पडल्यासारखे वाटते.’

‘बरोबर. नापास. आता का नापास, ते शोधायचं.’

पुढचे दोन महिने ते हेच शोधत होते. खरी गिटार कशी वाजते हे पाहण्यासाठी शेलूच्या त्याच शिक्षकांच्या दारात जाऊन बसले. नमुना हवा होता. परत येऊन त्यांनी मला निष्कर्ष सांगितला. सहाही तारा एकदम वाजल्या की खोटे वाटते. खरा हात एका तारेवरून दुसरीवर जातो, त्याला क्षणभर उशीर होतो. खाली येताना तो जाड तारेपासून बारीक तारेकडे येतो, वर जाताना उलटा. आणि वर जाताना कंटाळून निम्म्या तारा सोडून देतो. एक ठोका जोरात पडतो, पुढचा पडत नाही. थोडक्यात, गिटार खरी वाटायची तर तिच्यात चुका घालाव्या लागतात.

उभी हयात ज्याने तोळाभर भेसळीसाठी पिंपेच्या पिंपे परत पाठवली, तो माणूस आता माझ्या ओटीवर बसून भेसळ मापून घालत होता. मी हे त्यांना सांगितले. ते म्हणाले, ‘ते आम्ल व्हतं. हे गाणं हाय.’ मग पुन्हा बोट फिरवून, ‘भेसळ बी चोख पायजे.’

सुरांची इंग्रजी नावे त्यांना मान्य नव्हती. ‘कॉर्ड’ म्हणजे अनेक सूर एकत्र बांधलेले, म्हणून तिला ते ‘मोळी’ म्हणत. त्यातही हसरी मोळी आणि रडी मोळी. ‘रडी लावतो, हेडक्लार्क. तुमच्या तोंडाला शोभल.’ म्हातारपणी बोटे कोरडी पडतात, पडद्याला ती जाणवत नाहीत. म्हणून बँकेतल्या रोखपालासारखा ओला स्पंज शेजारी. पाणी जास्त झाले की पडद्यावरचा थेंब आपण होऊन गिटार वाजवी. थेंबाचा हात त्यांच्यापेक्षा हलका होता. हे मी बोललो नाही.

ॲपमध्ये आणखी एक सोय होती. तारेवरून बोट सरकताना जो बारीक चिरका आवाज होतो, तोही त्यात घालता येई. यांनी तो पूर्ण घातला. आमच्या सौभाग्यवती आतून झाडू घेऊन धावत आल्या. ‘चिचुंद्री! ओटीवर चिचुंद्री आहे!’ हे समाधानाने म्हणाले, ‘वहिनी फसल्या. म्हणजे आवाज खरा हाय.’ त्या दिवशी चहा मिळाला नाही.

शेवटी परीक्षा ठरली. शिक्षक पुन्हा आले. का आले हे मला कळलेले नाही, बहुधा कुतूहल. मला आणि दूधवाल्याला भिंतीकडे तोंड करून बसवले. पाठीमागे एकदा शिक्षकांनी खरी गिटार वाजवायची, एकदा यांनी मोबाइल. कोणती खरी ते आम्ही सांगायचे. दूधवाला म्हणाला, ‘पयली खरी. दुसरी टेपसारखी वाजते.’ मलाही तसेच वाटले. मागे वळून पाहिले. पहिला मोबाइल होता.

शिक्षक गोरेमोरे झाले. ‘माझ्या तारा नवीन आहेत म्हणून तसं वाटलं.’

‘सबब आयकायची रीत नाय आमच्याकडं,’ हे म्हणाले. ‘तुमची गिटार नापास. खोटी वाटते.’ आणि त्यांनी भिंगातून शिक्षकांची गिटार तपासली. दोष लाकडात असावा, असे त्यांचे मत पडले.

बायबरोबर सराव मात्र त्यांच्याच मागच्या दारी, सूनबाई बाजारात गेल्या की होई. एकदा मी ऐकला. ती ओळ म्हणे, हे तिच्या सुराखाली तारा छेडत. मोबाइलमधल्या गिटारला ती ‘बाबा’ म्हणे.

‘आरं, हा तुझा बाबा माज्याबरूबर का चालतो? माझ्या पायात पाय घालतो. आदी मी बोलंन. मंग तो बोलंल.’

‘बरं, बाय.’

‘आनि तो बोलत असंल तवा मी गप. मी बोलत असंल तवा त्यानं गप.’

‘बरं, बाय.’

त्यांच्या तोंडून ‘बरं’ हा शब्द मी प्रथमच ऐकला. त्यानंतर ते ओळ संपल्यावरच वाजवू लागले. ती श्वास घेई तेवढा वेळ. मला ते वाद्य अर्धेच राहिले असे वाटले आणि मी तसे बोललो. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे ते जनरल मॅनेजरकडे पाहत.

आता २२ एप्रिल. मांडव भरला होता. पुण्याची मंडळी पिवळे कपडे घालून आली होती. हळद लागण्यापूर्वीच सगळी हळदीची झाली होती. एका कोपऱ्यात डीजेवाला, डोळ्यांवर काळा चष्मा, मागे कपाटाएवढे स्पीकर. सूनबाई अशा जागी उभ्या, की त्यांचा हात त्याला दिसावा. गावच्या बायका मागे एका ओळीत. या हळद पाहायला आल्या होत्या. बाय पाटाशेजारी. तिच्या मागे, जिथे पूर्वी ओळ उचलणाऱ्या बायका बसत, तिथे आमचे गृहस्थ मांडी घालून. स्पंज, मोबाइल, आणि नातीने आदल्या संध्याकाळी भेट दिलेला एक बिनतारी स्पीकर. मोबाइलचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जावा म्हणून दिलेला.

दोन महिने चुका तपासण्यात घालवलेल्या माणसाने हा स्पीकर मात्र तपासला नव्हता. नातीने दिला, यांनी पास केला. आयुष्यात न तपासता पास केलेली ही पहिली वस्तू.

बायने ओळ काढली. आवाज म्हातारा, पण सरळ. ओळ संपली. यांनी बोट फिरवले. काही नाही. मग, क्षणभराने, गिटार वाजली. बिनतारी स्पीकरपर्यंत आवाज पोहोचायला वेळ लागतो, एवढाच त्यातला दोष. बोट आता, आवाज नंतर. बायने श्वास घेऊन पुढचा शब्द उचलला होता, त्यावरच तो पडला. ती थांबली. हेही थांबले. तिला वाटले, त्याचे बोलणे राहिले आहे. यांना वाटले, तिचे. मग दोघे एकदम सुरू झाले. दारात ‘आधी आपण, आधी आपण’ करणाऱ्या दोन पाहुण्यांनी एकमेकांवर आपटावे, तसे झाले. पुढची ओळ निम्म्या गतीने गेली. तिच्या पुढची त्याहून.

पुण्याच्या एका गृहस्थांनी जांभई दिली. दुसऱ्यांनी मोबाइल काढला. त्यांना मात्र कोणी वाजवायला सांगितले नव्हते. डीजेवाल्याने सूनबाईंकडे पाहिले. सूनबाईंचा हात खांद्यापर्यंत आला.

‘बारक्या,’ बाय मागे न वळता म्हणाली, ‘दम लागला रं मला.’

मी या माणसाला अनेक वर्षे ओळखतो. पिंप फुटले तेव्हाही त्यांची चाल बदलली नव्हती. त्या दिवशी ते उठले आणि धावले. स्पीकर बंद केला, तो माझ्या मांडीत टाकला. ‘नापास,’ म्हणाले, आणि सरळ चुलखंडाकडे गेले. तिथे भाताची रिकामी तपेली मांडून ठेवली होती. त्यांतले मधले उचलून बोटाने वाजवून पाहिले. ठेवले. दुसरे वाजवून पाहिले. आचारीणबाई ओरडली, ‘ओ तात्या, भात घालायचाय त्याच्यात!’

‘भात कुटं पळून जातो?’

तपेले आडवे मांडीवर घेऊन ते पुन्हा बायच्या मागे बसले, मोबाइल तपेल्याच्या तोंडाशी धरला, त्याची आवाजाची बाजू आत. घरोघरी लोक मोबाइल पेल्यात ठेवून गाणी ऐकतात. त्यातलाच प्रकार, माप मोठे. बोट फिरवले. आवाज बोटाबरोबरच आला. तपेल्यातून घुमत, थोडा भाताच्या वासाचा, पण गिटारचाच.

‘म्हन, बाय.’

बायने ओळ म्हटली. तपेल्याने तिला श्वास घेऊ दिला. तिने दुसरी म्हटली.

आवाज पुढच्या दोन रांगांपलीकडे जात नव्हता. ऐकायचे तर गप्प बसणे आणि पुढे सरकणे, एवढेच उपाय होते. पुढच्या खुर्च्या गप्प झाल्या. मग त्यांच्या मागच्या. सूनबाईंचा हात खांद्यापाशीच राहिला. त्यांनी त्याने पदर सारखा केला. मागच्या ओळीतल्या गावच्या बायका पुढे येऊन, फोन कुठे लपवला आहे हे पाहण्याच्या निमित्ताने, जमिनीवर बसल्या. बायच्या मागे. तपेल्याच्या दोन्ही अंगांना.

त्यातली एक तपेल्यात डोकावून म्हणाली, ‘ह्यो बाप्या वळ झेलतो काय? बायांचं काम?’

‘मंग तू झेल,’ हे म्हणाले. बोट थांबवले नाही.

पुढची ओळ तिने झेलली. हळू, हसत, तोंडावर पदर धरून. त्यानंतरची तिच्या शेजारणीने. तिसऱ्या खेपेला पाच-सहा जणी होत्या आणि पदर कोणाच्याच तोंडावर नव्हते. त्यांच्या आवाजात बाय सावकाश श्वास घेत होती. तिची मान ताठ झाली होती. नवरीला हळद नाकापर्यंतच काय, कोपरापर्यंत पोहोचली.

गिटार आता कोणालाही ऐकू येत नव्हती. मला येत नव्हती. मी तीन हातांवर बसलो होतो. दोन महिने मापून घातलेल्या चुका, खाली येताना जाड तार, वर जाताना सोडलेल्या तारा, सगळे तपेल्यात बुडाले होते. व्हिडिओत फक्त एक म्हातारा भांडे कुरवाळताना दिसतो, असे नात नंतर म्हणाली. हे मात्र प्रत्येक ओळीनंतर बोट फिरवीत राहिले, एकही ठोका न चुकता, बायका गात होत्या तोवर. मला हसू येईल असे वाटले होते. आले नाही.

हळद संपली. पुण्याच्या एका बाईंनी बायचे पाय धरून पुन्हा एकदा म्हणण्याची विनंती केली.

बाय म्हणाली, ‘आता कसली म्हन्ते? नवरीला पुन्यांदा हळद लावतात काय? उद्या लगीन हाय. उद्या या.’ मग भावाकडे वळून, ‘बारक्या, तुझा बाबा उद्या बी लागल मला. या भवान्या सकाळी येतील का नाय, कोन सांगल.’

‘येतील.’

‘तरी आन त्याला.’

मी यांना विचारले, ‘काय निकाल?’

ते तपेले उपडे करून बुडाशी पाहत होते. ‘बायचा पास,’ म्हणाले. हा शिक्का त्यांनी इतक्या सहज मारलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. ‘गिटारचा आवाजच मला आयकायला नाय आला.’

तपेले त्यांनी आचारीणबाईला नेऊन दिले. तिने त्यांच्यादेखत ते दोनदा धुतले. इतक्यात डीजेवाला चष्मा कपाळावर चढवून पुढे आला.

‘काका, झालं ना? आता लावू काय?’

यांनी मोबाइलच्या पडद्याकडे पाहिले. बॅटरी लाल झाली होती. मांडवात विजेची एकच जागा होती. त्यांनी वाकून डीजेचा प्लग काढला, डीजेवाल्याच्या हातात दिला, आणि तिथे आपला चार्जर लावला.